गोशुइन : आधी दर्शन, मग मोहोर

जपानमधल्या शिंतो या तिथल्या मूळ धर्माच्या देवस्थानांत आणि बौद्ध मंदिरांत दर्शनाला आलेल्या माणसाच्या वहीत तिथला पुजारी, भिक्षू किंवा कार्यालयातला सेवेकरी कुंचल्याने काळ्या शाईत देवाचे किंवा मंदिराचे नाव लिहितो, दर्शनाची तारीख घालतो आणि त्यावर लाल मोहोर उठवतो. अशा पानाला ‘गोशुइन’ म्हणतात आणि ती ज्या वहीत घेतली जाते तिला ‘गोशुइनचो’. अक्षर वळणदार असते, मोहोर ठसठशीत असते, खर्च फार नसतो आणि दोन ठिकाणची पाने सहसा सारखी दिसत नाहीत. त्यामुळे सहलीला किंवा नोकरीनिमित्त जपानला गेलेल्या मराठी माणसालाही अशी वही करावीशी वाटली तर नवल नाही. अडचण येते ती रीतीभातींची. कोणी सांगते की आधी हात धुवा, कोणी बजावते की फोटो काढू नका, कोणी सुटे पैसे बरोबर ठेवायला सांगते, तर कोणी म्हणते की अमुक पंथाच्या मंदिरात मोहोर मागूच नका. या सूचना सुट्या सुट्या पाठ करायला गेले की गोंधळ उडतो. त्यांच्या मुळाशी असलेला व्यवहार एकदा कळला, तर मात्र निम्म्याहून अधिक नियम कोणी न सांगताही सुचतात. तो व्यवहार असा की गोशुइन ही दर्शनाची पोच आहे, आणि पोच मागण्याआधी ज्याची पोच घ्यायची ती गोष्ट घडलेली असावी लागते.

मुळात ही पोच दर्शनाचीही नव्हती. बौद्ध परंपरेत सूत्रग्रंथाची हाताने नक्कल करणे हे मोठे पुण्यकर्म मानले जाते, आणि जुन्या जपानमध्ये अशी नक्कल मंदिराला अर्पण करणाऱ्या भाविकाला मंदिराकडून पावती मिळत असे. देशाच्या सहासष्ट प्रांतांत पायी फिरून प्रत्येक ठिकाणी सद्धर्मपुंडरीक सूत्राची एकेक प्रत वाहणारे यात्रेकरूही होते आणि त्या आकड्यावरूनच त्यांना ‘रोकुजूरोकुबु’ हे नाव पडले होते. आजच्या गोशुइनचा उगम याच पावतीत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे सूत्राची नक्कल न आणताही, दर्शन घेऊन थोडी दक्षिणा ठेवणाऱ्याला मोहोर मिळू लागली आणि शिंतो देवस्थानांनीही ही रीत उचलली. जुने नाते पूर्ण तुटलेले मात्र नाही. शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या यात्रेत या वहीला आजही ‘नोक्योचो’, म्हणजे सूत्रार्पणाची वही, असेच म्हणतात आणि अनेक मंदिरांत मोहोर देणाऱ्या खिडकीवर ‘नोक्योशो’ अशी पाटी असते. नारा येथील याकुशीजी मंदिराने १९६८ साली भाविकांना सूत्रलेखनाचे आवाहन केले, त्या प्रतींसोबत आलेल्या देणग्यांतून निधी जमवला आणि १९७६ साली तिथले मुख्य मंदिर नव्याने उभे राहिले. सूत्र लिहून वाहण्याची प्रथा इतकी जिवंत असलेल्या देशात त्या प्रथेच्या पावतीकडे नुसता शोभेचा कागद म्हणून पाहणे लोकांना खटकते, हे समजण्यासारखे आहे.

पान वाचता येऊ लागले की त्यामागचा भाव अधिक स्पष्ट होतो. उजव्या बाजूला वर बहुधा ‘होहाई’ ही दोन अक्षरे असतात. आदरपूर्वक दर्शन घेतले, असा त्यांचा आशय. त्यांच्याखाली किंवा शेजारी तारीख येते आणि ती जपानी राजवर्षात लिहिलेली असते. सध्याचे ‘रेवा’ पर्व १ मे २०१९ रोजी सुरू झाले, त्यामुळे २०२६ हे रेवा ८ ठरते. मधोमध मोठ्या अक्षरांत देवस्थानाचे नाव असते. बौद्ध मंदिरांत तिथे अनेकदा मंदिराच्या नावाऐवजी मुख्य देवतेचे, सभागृहाचे किंवा पंथाच्या मूळ ग्रंथाचे नाव येते: क्योतोच्या कियोमिझुदेरा मंदिराच्या पानावर महाकरुणेचे दालन या अर्थाचे ‘दाइहिकाकु’ हे शब्द असतात, तर नारा येथील तोदाइजीमधल्या भव्य बुद्धमूर्तीच्या पानावर ‘केगोन’, म्हणजे अवतंसक या सूत्रग्रंथाचे नाव, एवढेच असते. डावीकडे खाली मंदिराचे नाव येते. मोहोरा साधारण तीन असतात. एखाद्या ठरलेल्या यात्रेतले मंदिर असेल तर वरच्या मोहोरेत त्याचा क्रमांक असतो, खालच्या मोहोरेत मंदिराचे नाव असते आणि मधल्या मोहोरेत बुद्ध, धर्म, संघ या त्रिरत्नांची अक्षरे किंवा देवतेचे बीजाक्षर असते.

या बीजाक्षरापाशी भारतीय वाचकाने जरा थांबावे. ते जपानी नसते, चिनीही नसते. ते सिद्धम् लिपीतले संस्कृत अक्षर असते. ८०४ साली चीनला जाऊन मंत्रयान हा मंत्रांवर भर देणारा बौद्ध मार्ग शिकून आलेल्या कुकाई यांच्यासारख्या भिक्षूंमुळे ही लिपी जपानमध्ये रुजली आणि भारतात ती केव्हाच वापरातून गेली असली, तरी जपानी मंदिरांत ती आजही हाताने गिरवली जाते. अमिताभ बुद्धाचे आणि सहस्रभुज अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचे बीज ‘ह्रीः’, अवलोकितेश्वराच्या मूळ रूपाचे ‘स’, भैषज्यगुरूचे ‘भै’, क्षितिगर्भाचे ‘ह’, अशी ही अक्षरे आहेत. अक्षराचे वळण देवनागरीहून बरेच वेगळे असल्यामुळे ते पहिल्या नजरेत वाचता येत नाही, पण कोणते अक्षर आहे हे एकदा कळले की पुढच्या मंदिरात ते आपोआप ओळखू येते. देवताही अनेकदा ओळखीच्या निघतात. बेन्झाइतेन ही सरस्वती, बिशामोनतेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, ताइशाकुतेन हा इंद्र आणि कांगितेन हा गणपती. टोकियोतल्या असाकुसा भागाजवळ मात्सुचियामा शोदेन हे कांगितेनाचे मंदिर आहे आणि तिथे देवाला पांढरा मुळा वाहतात. मोदकाच्या जागी मुळा पाहून मौज वाटते, हे खरे. पण ही ओळख पटल्याच्या आनंदात खिडकीतल्या भिक्षूला गणेशपुराण सांगत बसू नये, कारण मागे रांग असते.

आता वहीविषयी. गोशुइनचो ही एकाच लांब पट्टीच्या घड्या घालून केलेली, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा असलेली वही असते. लहान आकार साधारण ११ गुणिले १६ सेंटिमीटर आणि मोठा साधारण १२ गुणिले १८ सेंटिमीटर असतो. आत जाड जपानी कागद असतो, तो शाई शोषतो आणि सहसा फाटत नाही. बहुतेक मोठ्या देवस्थानांत त्यांची स्वतःच्या चित्राची वही मिळते, तिला साधारण एक ते अडीच हजार येन पडतात, आणि पहिली वही पहिल्या दर्शनाच्या ठिकाणीच घेण्याची पद्धत सोयीची आहे, कारण बऱ्याच ठिकाणी वहीसोबतच पहिले पान लिहून मिळते. साधी चित्रकलेची वही, डायरी किंवा सुटा कागद पुढे केला तर नकार येऊ शकतो आणि तो वाजवी आहे. जपानी रेल्वे स्थानकांवर आणि पर्यटनस्थळी गंमत म्हणून मारून घ्यायचे रबरी शिक्के ठेवलेले असतात. ते गोळा करायला हरकत नाही, पण ते या वहीत घेऊ नयेत. अशी सरमिसळ दिसली की काही ठिकाणी वही परत करतात. वहीवर आपले नाव लिहून ठेवावे, कारण गर्दीच्या दिवशी खिडकीत सारख्याच रंगाच्या वह्यांचा ढीग असतो आणि आपली म्हणून दुसऱ्याची वही उचलली जाणे अजिबात अशक्य नाही.

शिंतो देवस्थानांसाठी एक आणि बौद्ध मंदिरांसाठी एक अशा दोन वह्या ठेवाव्यात का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करण्याचे आदेश काढले. त्याआधी कित्येक शतके दोन्ही एकाच आवारात सुखाने नांदत होती. आजही बहुतेक ठिकाणी मिश्र वही कोणतीही कुरकुर न करता लिहून देतात. थोडी ठिकाणे मात्र काटेकोर असतात. माझ्या मते थोड्या दिवसांच्या प्रवासाला एक वही पुरे, पण जपानमध्ये राहणाऱ्याने दोन कराव्यात. नियमाच्या भीतीने नव्हे, तर नंतर पाने शोधणे सोपे जाते म्हणून.

शिंतो देवस्थानाच्या प्रवेशाशी असलेल्या ‘तोरिई’ या कमानीपाशी थांबून किंचित वाकावे आणि मग आत जावे. वाटेचा मध्य देवासाठी राखलेला मानतात, म्हणून कडेने चालावे. पुढे पाण्याचे कुंड लागते. उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची, डावा हात पुन्हा धुवायचा आणि उरलेले पाणी दांड्यावरून ओघळू देऊन पळी जागेवर ठेवायची. पळीला तोंड लावायचे नसते आणि चूळ कुंडात टाकायची नसते. करोनाच्या साथीनंतर अनेक ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आहेत. तिथे वाहत्या धारेखाली हात धुतले की झाले. देवासमोर पेटीत नाणे टाकून दोनदा कमरेत वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, हात जोडून मनातले म्हणावे आणि पुन्हा एकदा वाकावे. इझुमो ताइशा या प्रसिद्ध देवस्थानी टाळ्या चार असतात. बौद्ध मंदिरात टाळी वाजवत नाहीत. तिथे दाराच्या उंबरठ्यावर पाय न ठेवता तो ओलांडून जावे, उदबत्ती किंवा मेणबत्ती लावायची असेल तर लावावी आणि नुसते हात जोडावेत. उंबरठ्याची ही शिस्त आपल्याकडच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

हे सगळे झाल्यावर खिडकीकडे वळायचे. काही गर्दीच्या मंदिरांत मात्र वही प्रवेशद्वाराशीच जमा करून क्रमांकाचा बिल्ला घ्यायचा आणि दर्शन करून परतताना वही घ्यायची, अशी व्यवस्था असते; तिथे तसेच करावे, कारण त्या त्या स्थानाची पाटी कोणत्याही सर्वसाधारण नियमाच्या वर असते. पण अशी व्यवस्था नसताना टॅक्सीतून उतरून थेट खिडकी गाठणे, मोहोर घेणे आणि पाच मिनिटांत पुढच्या ठिकाणी निघून जाणे हे अशिष्ट समजले जाते. गाभाऱ्याकडे न फिरकता बाहेरच्या बाहेर प्रसादाचा पुडा घेऊन निघालेल्या माणसाकडे आपल्या गावचा गुरव ज्या नजरेने पाहील, तीच ही नजर. आपली तिथल्या देवावर श्रद्धा असलीच पाहिजे, अशी अट कोणी घालत नाही. धर्म किंवा देशही विचारत नाहीत. शांतपणे समोर उभे राहून नमस्कार केला, तरी पुरे होते.

खिडकी उघडी असण्याची वेळ ठिकाणाप्रमाणे बदलते, पण सकाळी नऊ ते दुपारी चार हा काळ सहसा सुरक्षित असतो. मंदिराचे आवार संध्याकाळपर्यंत उघडे राहते म्हणून खिडकीही उघडी असेल, असे धरून चालू नये. वही देण्याआधी तिचे प्लास्टिकचे वेष्टन आणि रबराची पट्टी काढावी, आत खोचलेली तिकिटे व चिठ्ठ्या बाजूला कराव्यात, जे पान लिहून हवे ते उघडावे आणि लिहिणाऱ्याला सुलट दिसेल अशा बेताने दोन्ही हातांनी वही पुढे करावी. ‘गोशुइन ओ ओनेगाई शिमासु’ एवढे म्हटले की काम होते. बाकी जपानी येत नसले तरी अडत नाही. आधी सर्व पुढच्या बाजू भराव्यात आणि मग वही उलटवून मागची बाजू सुरू करावी, की मागची बाजू कोरीच ठेवावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शाई दाट लागली तर मागे उमटते, म्हणून पुष्कळ लोक मागची बाजू सोडून देतात.

मग लिहिणारा लिहितो. तो कुंचला शाईत बुडवून दगडी दौतीच्या काठावर निथळतो, कधी आधी मोहोरा उठवून मग त्यांच्यावरून अक्षरे काढतो, तर कधी आधी अक्षरे काढून मग मोहोर तळहाताने दाबतो. क्रम त्या त्या ठिकाणचा असतो. लाल रंग परंपरेने हिंगूळ तेलात कालवून करतात. तो तेलकट असल्यामुळे सावकाश वाळतो आणि वही लगेच मिटली तर समोरच्या पानावर त्याची छाया पडते. म्हणून लिहून झाल्यावर मधे एक पातळ शोषक कागद ठेवून देतात. तो कागद कचरा समजून तिथेच टाकू नये; निदान त्या दिवशी तो आत राहू द्यावा. या तीन-चार मिनिटांत लिहिणाऱ्याशी बोलू नये, फोनवर बोलू नये, खिडकीच्या कट्ट्यावर पेयाचा डबा ठेवू नये आणि त्याच्या हाताचे चित्रीकरण तर विचारल्याशिवाय मुळीच करू नये. पुष्कळ ठिकाणी तशी चित्रमय सूचनाच लावलेली असते. घरी आल्यावर आपल्या वहीतल्या पानाचा फोटो काढायला मात्र कोणाची ना नसते. वही परत घेताना पुन्हा दोन्ही हात वापरावेत, आभार मानावेत आणि बाजूला सरकून पान आपलेच आहे ना, ते पाहावे.

अक्षराची तुलना करणे हा सर्वांत वाईट प्रकार. आज लिहायला बसलेला भिक्षू वृद्ध असेल, उद्या त्याच खिडकीत त्याची सून किंवा एखादा तरुण सेवेकरी असेल, आणि दोघांच्या हाताचे वळण वेगळे येणारच. छायाचित्रात पाहिले होते तसेच काढून द्या, जरा ठळक लिहा, मागची तारीख घाला, अशा मागण्या करू नयेत. एकाच ठिकाणी दोन-तीन प्रकारची गोशुइन मिळत असतील तर त्यांचे नमुने खिडकीत लावलेले असतात. त्यातून निवडावे आणि बोटाने दाखवावे, एवढीच निवड आपल्या हाती असते.

पैशाचा भाग थोडक्यात सांगता येतो, तरी तोच अनेकदा अवघड ठरतो. साध्या गोशुइनसाठी बहुतेक ठिकाणी ३०० ते ५०० येन घेतात. रंगीत चित्रांची, सोनेरी शाईची किंवा नक्षी कापलेल्या कागदाची विशेष गोशुइन एक हजार येनच्या आसपास किंवा वरही जातात. शिकोकूच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांत वहीतल्या पानासाठी पूर्वी ३०० येन लागत, एप्रिल २०२४ पासून ५०० येन लागतात. देवस्थानांत या रकमेला ‘हात्सुहोर्यो’ म्हणतात आणि तिचा अर्थ नव्या पिकाच्या पहिल्या कणसांचे अर्पण असा आहे. म्हणजे ती विक्रीची किंमत मानली जात नाही. याचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. एक म्हणजे घासाघीस करता येत नाही, आणि दुसरा म्हणजे दहा हजार येनची नोट पुढे करून सुटे मागणे शोभत नाही. शंभर येनची नाणी आणि हजाराच्या नोटा खिशात ठेवूनच निघावे. क्वचित एखाद्या मंदिरात आकडा न सांगता आपल्या इच्छेनुसार द्या, असे म्हणतात. त्याचा अर्थ फुकट असा घेऊ नये. नेहमीचे तीनशे-पाचशे येन ठेवावेत.

वहीत न लिहिता आधीच लिहून ठेवलेला सुटा कागद देण्याची पद्धतही आहे, तिला ‘काकिओकी’ म्हणतात. लिहिणारा हजर नसेल, सण असेल, नववर्षाचे पहिले तीन दिवस असतील, किंवा गर्दी आवाक्याबाहेर असेल तेव्हा असे कागद देतात. करोनाच्या काळात ही पद्धत फार पसरली आणि काही ठिकाणी कायमची राहिली. काही संग्राहकांना हा कागद दुय्यम वाटतो आणि ते वहीतच लिहून देण्याचा आग्रह धरतात. हा आग्रह चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दर्शन तेच घडलेले असते आणि मोहोरही तीच असते. कागद घडी न करता नेण्यासाठी एक कडक फोल्डर जवळ ठेवावा. तो घरी येऊन वहीत चिकटवायचा असतो. पातळ डिंकाने कागदाला सुरकुत्या पडतात, त्यामुळे कांडीचा कोरडा गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप बरी. माणूस नसलेल्या छोट्या देवळांत असे कागद पेटीत ठेवलेले असतात आणि शेजारी पैसे टाकायची फट असते. तिथे कोणी पाहत नसते, हे वेगळे सांगायला नको.

काही ठिकाणी मोहोर मिळत नाही आणि त्यामागे आडमुठेपणा नसून सिद्धांत असतो. शिनरान (११७३–१२६३) यांच्या शिकवणीवर चालणाऱ्या जोदो शिन्शु या पंथाची क्योतोतली निशी होंगानजी आणि हिगाशी होंगानजी ही दोन प्रचंड मंदिरे गोशुइन देत नाहीत. सर्वांना तारण्याच्या अमिताभ बुद्धाच्या प्रतिज्ञेवर विसंबणे हेच सर्वस्व मानणाऱ्या या पंथात पुण्य साठवण्याची कल्पनाच बसत नाही, मग त्या पुण्याची पावती कशी बसणार? तिथे भेटीची आठवण म्हणून स्वतः मारून घ्यायचा शिक्का असतो. निचिरेन (१२२२–१२८२) यांच्या पंथाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्रच पानभर लिहून देतात, पण तो केवळ त्या पंथासाठी राखलेल्या ‘गोशुदाइचो’ नावाच्या वहीत. इतर देवदेवतांची पाने असलेली वही पुढे केली, तर अनेक मंदिरे त्यात फक्त ‘म्योहो’ एवढेच लिहितात आणि काही लिहायलाच नकार देतात. अशा वेळी वाद न घालता वही मागे घ्यावी. याच्या उलट टोकाला इसे शहरातले थोर देवस्थान आहे. जपानमधल्या या सर्वांत पूज्य शिंतो स्थानी देवाचे नाव लिहीतच नाहीत. कोऱ्या पानावर एक लाल चौकोनी मोहोर आणि कडेला तारीख, बस्स. नक्षीदार पानांची सवय झालेल्यांना ते पान रिकामे वाटते, पण काही जण वहीचे पहिले पान इसेसाठी मुद्दाम मोकळे ठेवतात, त्यावरून त्याचा मान कळावा.

गेल्या काही वर्षांत या छंदाला जे रूप आले, त्यामुळे हे शिष्टाचार ठळकपणे सांगायची वेळ आली. १ मे २०१९ रोजी रेवा पर्वाच्या पहिल्या दिवसाची तारीख मिळावी म्हणून टोकियोच्या मेइजी जिंगू देवस्थानात लोक कित्येक तास रांगेत उभे राहिले, आणि त्या तारखेची पाने लगेच इंटरनेटवरच्या लिलावांत विकायला आली. मर्यादित काळापुरत्या निघणाऱ्या रंगीत गोशुइनांसाठी रांगेत भांडणे, सेवेकऱ्यांना अपशब्द, एकाच माणसाने दहा-दहा कागद मागणे, असे प्रकार घडल्यावर काही देवस्थानांनी विशेष गोशुइन देणेच थांबवले. म्हणून ‘एका माणसाला एक’ हा नियम बहुतेक ठिकाणी दिसतो. मित्रांच्या वह्या गोळा करून नेणेही टाळावे. आजारी किंवा चालू न शकणाऱ्या आईवडिलांसाठी मागायचे असेल तर तसे सांगावे, काही ठिकाणी चालते आणि काही ठिकाणी चालत नाही. विकत घेतलेल्या गोशुइनला तर काहीच अर्थ राहत नाही, कारण त्यावरची तारीख दुसऱ्याच्या दर्शनाची असते.

शिकोकूची यात्रा या सगळ्या घाईपासून थोडी दूर आहे आणि मोहोरेचा मूळ अर्थ तिथे अजून सर्वांत स्वच्छ दिसतो. कुकाई यांच्या (७७४–८३५) स्मरणार्थ केली जाणारी ही परिक्रमा साधारण १,२०० किलोमीटरची आहे. प्रत्येक मंदिरात मुख्य देवतेसमोर आणि कुकाई यांच्या दालनासमोर नाव लिहिलेली पट्टी वाहायची, प्रज्ञापारमिताहृदय सूत्र म्हणायचे आणि मगच खिडकीकडे जायचे, असा क्रम असतो. मोहोरेबरोबर देवतेचे चित्र असलेला छोटा कागदही मिळतो. पर्यटक बस आली असेल, तर तिचा मार्गदर्शक तीस-चाळीस वह्यांची चळत घेऊन आधीच खिडकीत उभा असतो आणि पायी आलेल्या एकट्या यात्रेकरूला ताटकळावे लागते. कधी मार्गदर्शक आपणहून बाजूला होतो, कधी होत नाही. आपण शांत राहावे. दुसऱ्यांदा परिक्रमा करणारा नवी वही घेत नाही. त्याच पानावर, जुन्या अक्षरांवरून, मोहोर पुन्हा उठवतात आणि अनेक परिक्रमा केलेल्यांची पाने अक्षरे दिसेनाशी होईपर्यंत लाल झालेली असतात. पान सुंदर राहावे, ही अपेक्षाच तिथे गळून पडते.

भरलेली वही घरी कशी ठेवावी, याला कडक नियम नाही. जपानी घरांत ती देव्हाऱ्यात किंवा पूर्वजांच्या पूजेच्या कपाटाजवळ ठेवतात. आपल्याकडे कोरड्या, स्वच्छ जागी, वाळवीपासून दूर ठेवली तरी चालेल. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तिला हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे शहाणपणाचे, कारण त्या जाड कागदाला बुरशी लवकर धरते. यात्रेत मोहोरा घेतलेली वही माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या शवपेटीत ठेवण्याची प्रथा जपानमध्ये आहे. ज्यांच्या वारसांना ती सांभाळायची नसते, ते ती मंदिराकडे सोपवतात आणि तिथे विधिपूर्वक अग्नीला दिली जाते. कचऱ्यात किंवा रद्दीत ती टाकत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने टोकियोतल्या असाकुसापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. तिथे सेन्सोजी हे अवलोकितेश्वराचे मंदिर आणि असाकुसा जिंजा हे शिंतो देवस्थान एकाच आवारात शेजारी शेजारी आहेत. ६२८ साली सुमिदा नदीत मासेमारी करणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात अवलोकितेश्वराची मूर्ती आली, अशी आख्यायिका आहे. मूर्ती मंदिरात आणि ते दोघे भाऊ, तिची प्रतिष्ठापना करणाऱ्या गावच्या प्रमुखासह, शेजारच्या देवस्थानात पूजले जातात. त्यामुळे टाळी न वाजवण्याची आणि वाजवण्याची अशा दोन्ही रीती एका फेरीत अंगवळणी पडतात. सेन्सोजीची खिडकी मुख्य मंदिरात नसून त्याच्या डावीकडच्या योगोदो या दालनात आहे, आणि देवस्थानाची मुख्य मंदिराच्या उजवीकडे, त्याच्या स्वतःच्या आवारात. दुकानांच्या गल्लीत रेंगाळण्याआधी ही दोन्ही दर्शने उरकावीत. दुपारनंतर गर्दी वाढते आणि खिडक्या बंद व्हायची वेळही जवळ येते.